एप्रिलमध्ये एक विजेता, जुलैमध्ये दुसरा : आय-लीगच्या एका हंगामाचा गुंता

२०२४-२५ च्या आय-लीग फुटबॉल स्पर्धेतील शेवटचे सामने ६ एप्रिल २०२५ रोजी झाले. त्याच महिन्यात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित करून चषकही देण्यात आला. मात्र १८ जुलै रोजी स्वित्झर्लंडमधील एका लवादाने निकाल दिला आणि त्याच स्पर्धेचे विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशी या क्लबकडे गेले. मधल्या साडेतीन महिन्यांत या स्पर्धेतला एकही सामना झालेला नव्हता, तरीही गुणतक्ता बदलला होता.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील फुटबॉलप्रेमींना हा प्रकार विशेष बुचकळ्यात टाकणारा वाटला, कारण चोर्ला घाट उतरला की गोवा येतो आणि गोव्याच्या क्लबांचे सामने आपल्याकडे आपुलकीने पाहिले जातात. चर्चिलने चषक उंचावल्याची छायाचित्रे पाहिलेल्यांना जुलैमध्ये तो चषक दुसऱ्याचा असल्याचे कळले, तेव्हा ‘मैदानावर जिंकलेल्याला कागदावर हरवले’ अशी प्रतिक्रिया उमटणे स्वाभाविक होते. या लेखात तो गुंता पहिल्या धाग्यापासून उलगडायचा आहे. माझे मत आधीच सांगतो. या हंगामात जे बिघडले, त्याचा दोष नियमांकडे फारसा जात नाही. जानेवारीत उपस्थित झालेल्या एका साध्या प्रश्नाचे अंतिम उत्तर हंगाम संपण्यापूर्वी मिळाले नाही, हे त्याचे खरे कारण आहे. असा उशीर लहान क्लबांना सर्वांत महाग पडतो, म्हणून हा विषय आपल्या जिल्ह्यातील क्लबांनीही समजून घ्यावा असा आहे.

आय-लीगचे स्थान कोणते?

त्या हंगामात भारतात क्लब फुटबॉलचे स्तर एकावर एक असे रचलेले होते. सर्वांत वर इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. तिच्याखाली आय-लीग, मग आय-लीग २, आय-लीग ३ आणि त्याखाली राज्यांच्या व जिल्ह्यांच्या लीग स्पर्धा. आय-लीग २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा ती देशातील सर्वोच्च स्पर्धा होती. बेंगळुरू एफसीने २०१३-१४ आणि २०१५-१६ अशी दोनदा ती जिंकली आणि २०१७ मध्ये तो क्लब आयएसएलमध्ये गेला. पुढे सर्वोच्च स्पर्धेचा दर्जा आयएसएलला मिळाला आणि आय-लीग दुसऱ्या पायरीवर आली.

दुसऱ्या पायरीवरील स्पर्धा जिंकण्याचे मोल मोठे आहे, कारण २०२२-२३ च्या हंगामापासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळू लागली. २०२३ मध्ये पंजाबचा राउंडग्लास पंजाब आणि २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग हे क्लब याच वाटेने वर गेले. वर जाण्याची जागा मात्र एकच. दुसरा क्रमांक मिळवणाऱ्याला पुढचे वर्षही त्याच पायरीवर, तुलनेने तुटपुंज्या प्रक्षेपणावर आणि मोजक्या प्रायोजकांवर काढावे लागते. खाली घसरण्याची भीतीही खरी असते. त्याच हंगामात कर्नाटकचा एससी बेंगळुरू हा क्लब आय-लीगमधून खालच्या स्तरावर गेला. अशा स्पर्धेत एकेका गुणावर खेळाडूंच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पुढच्या वर्षीच्या पगाराची गणिते अवलंबून असतात, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचा वाद इतका चिवटपणे का लढला गेला ते समजते.

ज्या दोन नियमांवर सारे अडले

पहिला नियम पिवळ्या कार्डांचा. पंचाने दाखवलेले पिवळे कार्ड म्हणजे ताकीद. एकाच सामन्यात दोन ताकिदी मिळाल्या तर खेळाडूला बाहेर जावे लागते, हे सर्वांना माहीत असते. वेगवेगळ्या सामन्यांत मिळालेली पिवळी कार्डेही साठत जातात, याकडे मात्र प्रेक्षकांचे सहसा लक्ष नसते. स्पर्धेच्या नियमावलीत ठरवलेल्या संख्येएवढी कार्डे झाली की त्या खेळाडूला एक सामना बाहेर बसावे लागते. आय-लीगमध्ये ही संख्या चार होती.

दुसरा नियम नोंदणीचा. क्लबने ज्या खेळाडूंची नावे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नोंदवली आहेत तेच त्याच्याकडून खेळू शकतात. परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असते आणि हंगामाच्या मध्यावर एखाद्याला वगळून दुसऱ्याला घ्यायचे असेल तर त्यालाही ठरावीक मुदत आणि ठरावीक संख्या असते.

या दोन्ही नियमांचे उल्लंघन झाले की तो खेळाडू त्या सामन्यापुरता ‘अपात्र’ ठरतो. अपात्र खेळाडूला मैदानात उतरवणाऱ्या संघाचा पराभव ३-० असा नोंदवण्याची पद्धत फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या शिस्तविषयक संहितेत आहे. मैदानावरचा पराभव त्याहून मोठ्या फरकाचा असेल तर तो तसाच राहतो. तो खेळाडू किती मिनिटे खेळला, त्याने गोल केला की नाही, चूक जाणूनबुजून झाली की अनवधानाने, या बाबींना निकाल ठरवताना फारसे महत्त्व उरत नाही.

१३ जानेवारीचा सामना

१३ जानेवारी २०२५ रोजी पंजाबच्या नामधारी एफसीने इंटर काशीला २-० असे हरवले. काशीने तक्रार नोंदवली. नामधारीच्या एका परदेशी खेळाडूची चार पिवळी कार्डे झालेली असल्याने त्याने या सामन्यात बाहेर बसायला हवे होते, तरीही तो खेळला, असे काशीचे म्हणणे होते. महासंघाच्या शिस्तपालन समितीने ते मान्य केले आणि सामना काशीने ३-० असा जिंकल्याचा निर्णय दिला. नामधारीने त्याविरुद्ध महासंघाच्याच अपील समितीकडे दाद मागितली आणि त्या समितीने हंगाम चालू असतानाच निर्णयाला स्थगिती दिली.

म्हणजे सामना खेळून झाला, निकालही लागला, पण त्या निकालाचे तीन गुण कोणाच्या खात्यात जमा करायचे हे अधांतरी राहिले. घोंगडे असे भिजत पडले असतानाच स्पर्धा शेवटच्या दिवसापर्यंत पोहोचली.

६ एप्रिलला विजेतेपदाची आशा एकापेक्षा अधिक संघांना होती. श्रीनगरमध्ये चर्चिल ब्रदर्स आणि रिअल काश्मीर यांच्यातला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ असे हरवले. गोकुळम केरळचा डेम्पोकडून ४-३ असा पराभव झाला. बारा संघ, प्रत्येकाचे २२ सामने, आणि अखेरीस तक्त्यावर चर्चिलचे ४० तर काशीचे ३९ गुण. नामधारीविरुद्धच्या सामन्याचे तीन गुण काशीला मिळाले असते तर त्यांचे ४२ झाले असते. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा खेळाडूंना, प्रशिक्षकांना आणि प्रेक्षकांना, कोणालाच विजेता कोण हे ठामपणे सांगता येत नव्हते. देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची ही अवस्था मला अत्यंत खेदजनक वाटते.

तक्रारीच्या तीन पायऱ्या

आपल्याकडे जमिनीच्या वादांचा अनुभव बहुतेक घरांना आहे, तो येथे उपयोगी पडेल. शेत एक जण कसत असतो आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे असते. पीक कोणी काढले हे सारा गाव पाहतो, पण सरकारदरबारी आधी उताऱ्यावरची नोंद पाहिली जाते. नोंदीबद्दल वाद झाला तर तहसीलदाराकडे, तेथे समाधान न झाल्यास प्रांताधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर वरच्या न्यायाधिकरणाकडे जावे लागते. वरच्या पायरीवरून स्थगिती आली की अंतिम निकाल लागेपर्यंत नोंद बदलू नये, असा दंडक असतो.

फुटबॉलमधील व्यवस्थेची रचना पुष्कळशी अशीच आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची शिस्तपालन समिती ही पहिली पायरी आणि त्याच महासंघाची अपील समिती ही दुसरी. तिसरी पायरी देशाबाहेर, स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरात आहे. तिचे नाव क्रीडा लवाद न्यायालय. तिच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून तिला ‘कॅस’ म्हणतात. १९८४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था नेहमीच्या अर्थाने न्यायालय नाही. वाद आला की त्यासाठी एक किंवा तीन लवाद नेमले जातात. तीन असतील तर सामान्यतः दोन्ही पक्ष एकेकाचे नाव सुचवतात आणि अध्यक्ष संस्थेकडून नेमला जातो. कॅसच्या निर्णयाविरुद्ध स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात जाता येते, पण त्याची कारणे फार मर्यादित आहेत. त्यामुळे व्यवहारात कॅसचा शब्द अखेरचा ठरतो.

आता पुन्हा घटनाक्रमाकडे येऊ. स्पर्धा संपल्यानंतर बारा दिवसांनी, १८ एप्रिलला, अपील समितीने शिस्तपालन समितीचा निर्णय फिरवला आणि नामधारीचा विजय कायम ठेवला. त्यामुळे चर्चिल ४० गुणांसह पहिला ठरला आणि महासंघाने त्याला विजेता घोषित केले. काशीने कॅसकडे धाव घेतली. अंतिम निर्णय होईपर्यंत विजेत्याची घोषणा आणि पदक समारंभ करू नये, असा अंतरिम आदेश कॅसने एप्रिलच्या अखेरीस दिला; परंतु त्याच सुमारास गोव्यात चषक चर्चिलच्या हाती देण्यात आला. वाद वरच्या पायरीवर गेलेला असताना समारंभाची घाई केल्याने चर्चिलच्या खेळाडूंवरच अन्याय झाला, असे माझे मत आहे. आपल्या मेहनतीचे फळ म्हणून त्यांनी जो चषक स्वीकारला, त्याच्यावरचा हक्कच अजून ठरायचा होता.

जून २०२५ मध्ये कॅसने नामधारी प्रकरणात काशीच्या बाजूने निर्णय दिला. तीन गुण काशीच्या खात्यात गेले आणि त्यांची बेरीज ४२ झाली.

मग जुलैपर्यंत वाद का लांबला?

कारण दरम्यान दुसरा वाद उभा राहिला होता आणि त्यात आरोप काशीवर होता. काशीने आपल्या एका स्पॅनिश खेळाडूचे नाव हंगामात मध्येच नोंदणीतून कमी करून दुसऱ्याला घेतले होते आणि नंतर त्याच स्पॅनिश खेळाडूची पुन्हा नोंदणी केली होती. ही फेरनोंदणी नियमबाह्य असल्याने तो ज्या सामन्यांत खेळला त्यांचे गुण काशीला मिळू नयेत, असे चर्चिल, नामधारी आणि रिअल काश्मीर यांचे म्हणणे होते. महासंघाच्या अपील समितीने ते मान्य केले. म्हणजे एका प्रकरणात तीन गुण मिळण्याची आशा असतानाच दुसऱ्या प्रकरणात आधी मिळवलेले गुण जाण्याची वेळ काशीवर आली.

यातला बारकावा असा की ती फेरनोंदणी महासंघाच्याच यंत्रणेतून झाली होती. एखाद्या क्लबने अर्ज केला, नोंदणी झाली, खेळाडू खेळला, आणि काही महिन्यांनी ती नोंदणीच चुकीची ठरवली गेली, तर क्लबने भरवसा कशावर ठेवायचा? १८ जुलैच्या निकालात कॅसने अपील समितीचा हा निर्णयही रद्द केला आणि काशीला विजेता घोषित करण्याचे निर्देश महासंघाला दिले.

मैदानावर हरलेल्या संघाला गुण देणे न्याय्य आहे का?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. नामधारीने दोन गोल केले, काशीने एकही केला नाही. असे असताना काशी ३-० ने जिंकल्याचे लिहिणे डोळ्यांना खटकते. पण उलट बाजूने विचार करून पाहावा. चार पिवळी कार्डे झालेल्या खेळाडूला खेळवण्याची शिक्षा फक्त दंडाच्या रकमेपुरती असती, तर पैसेवाल्या क्लबांनी दंड भरून आपला उत्तम खेळाडू खेळवला असता आणि नियम पाळून त्याला बाहेर बसवणारे क्लब तोट्यात गेले असते. नियम पाळणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून शिक्षा गुणांच्या रूपातच असावी लागते.

‘चर्चिलने काहीच चूक केली नव्हती, मग त्यांना फटका का?’ हा आक्षेप अधिक टोकदार आहे. त्याचे उत्तर असे की चर्चिलचा एकही गुण कापला गेला नाही. त्यांचे ४० गुण तसेच राहिले. लीग स्पर्धेत विजेतेपद सर्व संघांच्या सर्व सामन्यांच्या बेरजेतून ठरते, त्यामुळे दोन परक्या संघांमधील सामन्याचा निकाल बदलला तरी आपला क्रमांक बदलू शकतो. हे तर्काला पटले तरी चर्चिलच्या पाठीराख्यांच्या मनाला पटणार नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. जानेवारीच्या सामन्याचा निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्का झाला असता, तर आपल्याला किती गुणांची गरज आहे हे जाणून चर्चिलचा संघ शेवटच्या सामन्यांत उतरला असता आणि त्याने आपली व्यूहरचनाही त्याप्रमाणे ठरवली असती. त्यांची ती संधी विलंबाने हिरावली.

असे फक्त आपल्याकडेच घडते, असाही समज आहे. २०१८ च्या विश्वचषकाच्या दक्षिण अमेरिकेतील पात्रता फेरीत बोलिव्हियाने मूळच्या पॅराग्वेच्या एका खेळाडूला पात्रता नसताना पेरू आणि चिलीविरुद्ध खेळवले होते. पेरूविरुद्धचा सामना बोलिव्हियाने २-० असा जिंकला होता, चिलीविरुद्धचा गोलशून्य बरोबरीत सुटला होता. चिलीने तक्रार केली आणि फिफाने दोन्ही सामने बोलिव्हियाने ३-० असे गमावल्याचे ठरवले. त्यामुळे चिलीला दोन गुण जास्त मिळाले आणि पेरूला तीन. फेरीच्या अखेरीस दोघांचे २६ गुण झाले, सरस गोलफरकावर पेरू पाचवा आला आणि चिलीची विश्वचषकाची वाट बंद झाली. तक्रार करणाऱ्याचेच नुकसान झाले. पण फिफाचा निर्णय नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि कॅसचा ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे पात्रता फेरी संपण्याआधीच आला होता. शेवटच्या सामन्यांना उतरताना प्रत्येक संघाला आपले गुण माहीत होते, म्हणून चिलीची हळहळ झाली तरी निकालाच्या वैधतेवर प्रश्नचिन्ह राहिले नाही.

आपल्या न्यायालयात का गेले नाहीत?

वाराणसीचा क्लब, गोव्याचा क्लब, पंजाबचा क्लब आणि दिल्लीतील महासंघ यांच्यातला वाद परदेशात का सोडवावा लागतो, ही शंकाही रास्त आहे. फिफाची सदस्यता घेताना प्रत्येक देशाच्या महासंघाला अशी अट मान्य करावी लागते की खेळाच्या अंतर्गत वादांचा निकाल खेळाच्या यंत्रणेतच लागेल आणि त्यातली शेवटची पायरी कॅस असेल. महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला असे फिफाला वाटले तर ती त्या महासंघालाच निलंबित करू शकते.

ही धमकी पोकळ नाही, हे आपण ऑगस्ट २०२२ मध्ये पाहिले. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीमुळे फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. निलंबन २६ ऑगस्टला उठले, पण त्या थोड्या दिवसांतही गोकुळम केरळच्या महिला संघाला त्याची झळ बसली. आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचलेल्या त्या मुलींना न खेळता परतावे लागले.

कॅसकडे जाणे खर्चिक असते, हे मात्र खरे. शुल्क, वकिलांची फी, परदेशी कार्यपद्धती हे सारे परवडणारे क्लब या स्तरावर थोडेच असतात. काशीकडे तेवढी ऐपत होती म्हणून प्रकरण शेवटपर्यंत गेले. ज्याच्याकडे ती नसेल त्याने दुसऱ्या पायरीवरच हार मानायची काय, हा प्रश्न या निकालाने सुटलेला नाही, आणि मला तो विजेता कोण यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

विलंबाची किंमत कोणी मोजली?

भारतातील क्लबांचे खेळाडूंशी असलेले करार साधारणपणे ३१ मेपर्यंतचे असतात. जूनमध्ये नवी संघबांधणी सुरू होते. आपण पुढच्या वर्षी पहिल्या पायरीवर खेळणार की दुसऱ्या, हे काशीला आणि चर्चिललाही त्या वेळी माहीत नव्हते. वरच्या स्पर्धेसाठी महागडे खेळाडू घ्यावेत तर निकाल उलटा लागल्यास खर्च अंगलट येणार, आणि थांबावे तर चांगले खेळाडू दुसरीकडे जाणार. बढती मिळेल या आशेवर थांबलेल्या खेळाडूलाही दुसऱ्या क्लबला होकार देता येत नव्हता.

त्यात आणखी एक संकट आले. आयएसएल चालवण्याचे व्यावसायिक हक्क महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांच्या कराराने दिले होते. त्यापोटी महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळत. तो करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता, म्हणजे नव्या हंगामाच्या अध्यामध्यात. पुढे काय याची स्पष्टता नसल्याने ११ जुलै २०२५ रोजी आयएसएलचा नवा हंगाम स्थगित असल्याचे जाहीर झाले. तारखा जुळवून पाहाव्यात : ११ जुलैला आयएसएल थांबली आणि १८ जुलैला काशी आय-लीगचा विजेता ठरला. ज्या स्पर्धेत प्रवेश मिळवण्यासाठी काशीने इतकी झुंज दिली, ती स्पर्धा आठवड्यापूर्वीच बंद पडली होती.

ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. १९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. व्यावसायिक हक्कांसाठी निविदा निघाली, पण ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. एरवी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होणारी आय-लीगही २०२५ चे वर्ष सरेपर्यंत सुरू झाली नाही. अखेर केंद्र सरकारच्या मध्यस्थीनंतर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी आयएसएल सुरू झाली, तीही आखूड स्वरूपात. प्रत्येक संघाने दुसऱ्याशी एकदाच खेळायचे, त्यामुळे १४ संघांचे मिळून ९१ सामने. त्या १४ संघांत इंटर काशी होता.

बेळगावच्या क्लबांचा याच्याशी काय संबंध?

आपला भाग तीन राज्यांच्या फुटबॉलच्या सांध्यावर आहे. जिल्ह्याच्या क्लबांची अधिकृत वाट जिल्हा संघटनेतून कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेकडे आणि तेथून महासंघाकडे जाते. २०२३ च्या मार्चमध्ये कर्नाटकने रियाधमध्ये मेघालयाला ३-२ असे हरवून संतोष करंडक ५४ वर्षांनी जिंकला, तेव्हा तो याच रचनेतला विजय होता. पण आपल्या मुलांच्या पायांना या सीमा ठाऊक नाहीत. तिलकवाडीच्या लेले मैदानावर खेळलेला मुलगा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांतून खेळण्याचे स्वप्न पाहतो, संकेश्वरचा मुलगा जवळच्या गडहिंग्लजला खेळतो, खानापूरच्या मुलाला गोव्याची लीग खुणावते. कोल्हापूर हे महाराष्ट्राच्या संघटनेच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या, कक्षेत येते, गोव्याची संघटना वेगळी आहे. म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या एका खेळाडूचा संबंध तीन राज्य संघटनांशी येऊ शकतो.

येथेच नोंदणीचा नियम आपल्या दाराशी येतो. महासंघाची खेळाडू नोंदणी आता ऑनलाइन मध्यवर्ती यंत्रणेतून होते आणि क्लब बदलताना त्या यंत्रणेतून रीतसर हस्तांतर व्हावे लागते. फिफाच्या नियमांनुसार एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकते आणि अधिकृत सामने सर्वसाधारणपणे त्यांपैकी दोनच क्लबांकडून खेळता येतात. हे गावोगावच्या निमंत्रितांच्या स्पर्धांबद्दल नाही. मान्यताप्राप्त लीग स्पर्धांबद्दल आहे. कोल्हापूरच्या क्लबकडे नोंद असलेल्या मुलाला हस्तांतर न करता येथील मान्यताप्राप्त लीगमध्ये उतरवणारा क्लब नेमका तोच धोका पत्करतो, ज्यातून आय-लीगचा हा सारा वाद उद्भवला. आणि त्याची झळ क्लबपेक्षा त्या मुलाला जास्त बसते, कारण ‘अपात्र’ हा शेरा त्याच्या नावापुढे लागतो.

म्हणून प्रत्येक क्लबच्या सचिवाने पंचाच्या अहवालावर विसंबून न राहता आपल्या आणि प्रतिस्पर्धी संघाच्या कार्डांची स्वतंत्र वही ठेवावी, सामन्याच्या आदल्या दिवशी ती तपासावी आणि शंका असल्यास आयोजकांकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी मिळालेली परवानगी तक्रारीच्या वेळी उपयोगाची नसते. प्रोटेस्ट करायचा असेल तर मैदानावर हुज्जत घालण्याऐवजी नियमपत्रकातील मुदतीत, शुल्क भरून, कोणत्या कलमाचा भंग झाला ते नमूद करून तो लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

आयोजकांकडून एक गोष्ट मागून घेण्याजोगी आहे. प्रोटेस्ट दाखल करण्याची मुदत बहुतेक नियमपत्रकांत असते, पण त्यावर निर्णय देण्याची मुदत क्वचितच लिहिलेली असते. दोन्ही संघांपैकी कोणाचाही पुढचा सामना होण्यापूर्वी पहिला निर्णय, आणि स्पर्धेची शेवटची फेरी सुरू होण्यापूर्वी अपिलाचा निर्णय, अशी अट घालता येते. अपील समितीतील व्यक्ती पहिल्या समितीत नसावी आणि कोणत्याही सहभागी क्लबची पदाधिकारी नसावी, हेही त्याच कलमात बसते. हंगामापूर्वी क्लबांची जी सभा होते, तिच्यात भाग्यपत्रिका काढण्याआधी हा ठराव मांडावा. एकदा गट पडले आणि सामने सुरू झाले की असा नियम कोणाच्या तरी फायद्यासाठी आणला जात असल्याचा संशय येतो आणि तो बारगळतो.